बुटका रॅक

“सिंक लहान आहे ना काकू? मग भांडी निथळायला हा बुटका रॅक घ्या,” दुकानदार म्हणाला. मी मात्र दुमजली, उंच रॅकवरच अडून बसले.

माझा हात मोडल्यापासून घरातली भांडी आमचे हे घासतात, तेही सिंकवरची खिडकी लावून. पत्ते खेळणारे मित्र समोरच राहतात, ते बघतील ना! घामाघूम होतात, पण खिडकी उघडत नाहीत.

“उंच रॅकमध्ये ताटं उभी केली की आडोसा होईल,” मी यांच्या कानाशी पुटपुटले. “मग खिडकी उघडा खुशाल.”

हे माझ्या प्लास्टरकडे बघत राहिले. मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बुटकाच द्या हो. भांडी मी घासतो. मला उजेड लागतो.”