मानेवरचं विमान

"देवऱ्यांचं नाव आता आभाळात कोरलं जाणार!" नानांनी इंदिरानगरच्या टॅटूवाल्याला ठणकावून सांगितलं. तूर्तास ते मुलाच्या मानेवर कोरायचं होतं, लढाऊ विमानासकट.

अथर्व दोन वर्षं हवाई दलाच्या पायलट निवडीसाठी मरमर तयारी करत होता. तो म्हणाला, "नाना, आधी नियम तरी बघू."

"अरे, देशासाठीच गोंदतोय. देश काय नको म्हणेल?"

टॅटू झाला. अथर्वने मोबाइलवर नियम वाचले आणि पांढराफटक पडला.

"मानेवर गोंदलेलं असेल तर बाद करतात, नाना."

"कायमचं?"

"गोंदणासारखं."

नाना वाकून ती मान निरखू लागले. मग टॅटूवाल्याला हळूच म्हणाले, "भाऊ, विमानाचं बदक होईल का हो?"