पाठ न दाखवणारा शिपाई

लाकडावर उलटं कोरलं की कागदावर सुलटं उमटतं, यावरच जपानातल्या एदो शहरातल्या आमच्या छापखान्याचं पोट चालतं. आमचा कोरणारा कारागीर जिनपाची याने कोरलेल्या लढाईच्या चित्रातला एक शिपाई मात्र सुलटायला तयार नव्हता. एकोणचाळीस जण पळत होते आणि कागदावर हा एकटा शत्रूकडे तोंड करून उभा.

"यालाही पळव," प्रकाशक मागोबेई म्हणाला, "नाहीतर पुढचं काम विसर."

"लाकडावर तो पळतोच आहे, मालक," जिनपाची म्हणाला. "बोट फिरवून बघा. त्या लढाईत माझा बाप मेला, पळाला नाही. तरी तुम्ही सांगितलं तसं कोरलं. आता छिन्नी लावणार नाही."

"मग मीच छापतो."

मागोबेईने शाई लावली, कागद घासला, उचलला.

चाळीसच्या चाळीस वळले होते. शत्रू उमटलाच नव्हता. सगळे मागोबेईकडे बघत होते.