ओला रंग

रणजितनं टेंटचा चौथा पाय रस्त्याकडेला उभ्या टेम्पोच्या मागच्या हुकाला बांधला, ते समाधाननं सकाळीच पाहून ठेवलं होतं. वारज्यातला सर्व्हिस रोड पडला सिमेंटचा, खुंटी ठोकणार कुठं? दोघंही तिथंच शेजारी शेजारी टेंट लावून गाड्या रंगवायचे आणि हाताशी येईल त्याला दोरी बांधायचे. टेम्पोचा ड्रायव्हर टपरीवर चहा पिऊन उठला, बोटात किल्ली फिरवत निघाला. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. समाधाननं तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात घेतली.

टेम्पो हलला आणि त्याच्यामागं रणजितचा टेंट वरातीला निघाल्यासारखा निघाला. दोन पाय वाकले, कापड टरकन फाटलं. खालची, शेजारीच थांबलेल्या म्हाताऱ्या गेनबांची पांढरी गाडी उघड्यावर पडली, बॉनेटवरचा रंग अजून ओला.

समाधानला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा टेंट उडून याच गेनबांच्या गाडीची काच फुटली होती. "दोरी बांधता येत न्हाई आन् धंदा करतोय," असं म्हाताऱ्यानं अख्ख्या वारज्याला सांगितलं. त्या सकाळी गाठी कुणी सोडल्या, हे फक्त दोघांना ठाऊक होतं, समाधानला आणि रणजितला. तेव्हापासून गिऱ्हाईक फिरकेना. समाधाननं टेंटचे पाय सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवले, चहूबाजूंनी दोऱ्या ताणल्या आणि त्या पक्क्या टेंटखाली माश्या मारत बसला.

पुलाच्या अंगानं वावटळ उठली. मातीचा लोट गरगरत इकडंच येत होता.

रणजित धावत आला. "सम्या, ही पुढची दोरी सोड. गाडी आत ढकलतो. ओल्या रंगावर माती बसली तर मेलो मी."

समाधान सावकाश उठला. गाठीवर हात ठेवून म्हणाला, "सोडतो की. आधी सांग, मागच्या वर्षी माझ्या दोऱ्या कुणी सोडल्या?"

"अरे, ही काय वेळ आहे?"

"मला वेळच वेळ आहे. वर्षभर दुसरं आहे काय माझ्याकडं?"

गेनबा गाडीचं दार धरून ओरडले, "आरं, काय सांगायचं ते सांग आन् गाडी आत घे!"

रणजितनं मागं वळून पाहिलं. लोट टपरीच्या अलीकडं आला होता.

"मी सोडल्या," तो म्हणाला.

गेनबांचा हात दारावरून खाली आला. ते रणजितकडं बघतच राहिले, मग समाधानकडं वळले. "चुकलं माझं, बाबा," ते म्हणाले. "समद्या गावात तुझं नाव घालवलं म्या. आता घे आत."

एवढ्यावर दोरी सुटायला हरकत नव्हती. पण समाधानला त्या वर्षाची एकेक दुपार आठवत होती.

"वाऱ्यात ऐकू आलं नाही, रणजित. मोठ्यानं बोल."

रणजित घसा फोडून ओरडला. टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात घेऊन उभी राहिली. मातीचे पहिले कण बॉनेटवर पडले आणि तिथंच चिकटले.

समाधाननं गाठीवरचा हात उचलला आणि कानामागं धरला.