कापलेली शांतता

"एवढ्या वर्षांत या खुर्चीची गादी कोणी बदलली नाही. बसलं की थेट लाकूड लागतं."

कुरातासरांची कुरकुर हेडफोनमधून मोकिचीच्या अगदी कानाशी आली. काचेपलीकडे सर गादी चाचपत होते. समोर बसलेल्या फुमिएबाई म्हणाल्या, "आजचा दिवस सोसा, सर. उद्यापासून खुर्ची भंगारात आणि मी घरी."

"बाई, तुमची गादी तरी मऊ आहे का?"

"माझी घरून आणलेली आहे."

हाकोदातेच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावरच्या कार्यक्रमाच्या, 'लेखकांशी गप्पा'च्या, गप्पा आज कायमच्या संपणार होत्या. बाई पहिल्या दिवसापासून त्या घडवून आणत आणि मोकिची पहिल्या दिवसापासून काचेअलीकडे बसे. शेवटचा पाहुणा कोण, हे कोणाला विचारावंही लागलं नाही. टोकियोतून बोलावणी आली तरी सर कुठे जात नसत. "बोलेन तर याच खुर्चीत," म्हणत.

पूर्वी समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. केंद्रानं कादंबरीची स्पर्धा ठेवली. केंद्राच्या नोकरांना मनाई होती, बाकी सगळं गाव तुटून पडलं, आणि बक्षीस मिळालं या घड्याळवाल्याला. बातमी घेऊन नवी निवेदिका फुमिए धावतच रस्ता ओलांडून गेली. मागोमाग गेलेल्या मोकिचीला अजून आठवत होतं, बातमी ऐकून माणूस हसायचा सोडून स्टुलावर मटकन बसला होता.

त्यानंतर पाच पुस्तकं आली. दर वेळी बाईंचे प्रश्न आदल्या दिवशीच दुकानात पोचत. तरी सर मध्येच थबकत, बाईंकडे बघत राहत. मोकिची ब्लेडनं फितीतली ती शांतता कापून टाके, टोकं चिकटवे. ऐकणाऱ्यांना वाटे, काय घडाघडा बोलतो माणूस.

अलीकडे मात्र सर आपल्याच पात्रांची नावं चुकवू लागले होते. केंद्रात ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणत कोणीच नव्हतं. त्यात शेवटचा कार्यक्रम थेट व्हावा, श्रोत्यांचे फोनही घ्यावेत, ही वरच्या साहेबांची हौस. आज कापायला फीत नव्हती.

"सर अडले तर?" सकाळीच मोकिचीनं बाईंना विचारलं होतं.

"गाणं लाव."

"गाणं संपलं तर?"

"दुसरं लाव. गाण्यांना कधीपासून घाबरायला लागलास रे?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण हातातला बार्लीचा चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

गप्पा बऱ्या चालल्या. सरांनी पहिल्या कादंबरीचं शेवटचं पान वाचलं, माकुळं धरायला गेलेल्या होड्यांचं. एका ओळीवर ते अडखळले, तर बाईंनी ती हळूच पुढे केली. त्यांच्यासमोर पुस्तक नव्हतं, कधीच नसे. बाईंचा अभ्यासच तसा, मोकिचीला नेहमीसारखं कौतुक वाटलं.

मग फोन वाजला. मासळीबाजारातल्या इनागाकीकाकू होत्या.

"सर, या पुस्तकावरून आमच्या घरात लग्नापासून भांडण आहे बघा. नवरा समुद्रावर असताना ओयुकी किनाऱ्यावरचा दिवा मालवते. का? आमचे हे म्हणतात, रागानं. मी म्हणते, राग नाही तो. आता हे अंथरुणाला खिळलेत, रेडिओ उशाशीच आहे. त्यांना एकदा हरवायचंय मला. वेळ आहे तोवर."

स्टुडिओत शांतता पसरली. अगदी तीच, मोकिची कापायचा ती. त्याचं बोट गाण्याच्या बटणावर गेलं.

"काकू, लेखकानं सगळंच काही सांगायचं नसतं..." बाई घाईघाईनं म्हणाल्या.

सरांनी हात वर केला. काचेतून मोकिचीकडे बघत मान हलवली, गाणं नको. त्यांची नजर स्वच्छ होती, विसरलेल्या माणसाची नव्हती.

"लाज वाटायची, म्हणून इतकी वर्षं मीही हे विचारलं नाही," ते माइकमध्ये म्हणाले, मग बाईंकडे वळले. "फुमिए, काकूंना आता तूच सांग. ते पान लिहिताना तुझ्या मनात काय होतं?"