दुसरा विजेता

"नेहमीचेच ना?" लॉटरीवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता यंत्रावर बोटं ठेवली.

"नाही. आज दुसरे," वेतवाला म्हणाला.

लॉटरीवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. हा गृहस्थ दर शनिवारी येणार, तेच सहा आकडे सांगणार, तिकीट खिशात घालून निघून जाणार. त्या आकड्यांनी आजवर त्याला चहाचे पैसेही मिळवून दिले नव्हते. हा एक वेळ बायको बदलेल पण आकडे बदलणार नाही, असं सांगून लॉटरीवाला गिऱ्हाइकांना हसवायचा.

आकडे खरं तर अर्धेच त्याचे. तीन त्याचे, तीन धाकट्या भावाचे. दोघं मिळून खुर्च्यांना वेत विणायचे. एकाने वरून वेत खाली घालायचा, दुसऱ्याने खालून ओढून घ्यायचा. सरकारी लॉटरी निघाली तेव्हा दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून तिकीट घेतलं आणि पुढे तेच आकडे चालवले.

मग एकदा गिऱ्हाइकांसमोर थोरला बोलून गेला, "तुझं काय, तू नुसता खालून ओढायला." धाकट्याने हातातला वेत खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेला. त्याचा राग नाकावर, याचाही नाकावर. थोरला त्याला थांबवायला उठला नाही. येईल संध्याकाळपर्यंत, म्हणाला. ती संध्याकाळ पंधराएक वर्षं झाली तरी आली नव्हती. मधल्या काळात त्यांच्या दुकानाची जुनी इमारत पाडली गेली आणि दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आलं.

शोधायचं तेवढं शोधून झालं होतं. उरली होती ती लॉटरी. धाकटा अजूनही तेच आकडे लावत असणार याबद्दल थोरल्याला शंका नव्हती. आकडे लागले तर बक्षीस दोघांत वाटलं जाईल, दुसऱ्या विजेत्याचं नाव जाहीर होईल आणि भाऊ सापडेल. एवढ्यासाठी तो तिकीट काढायचा. बायको कधी चिडवायची, तुम्हाला लॉटरी हवी की भाऊ? भाऊ, असं तो लगेच म्हणायचा.

या आठवड्यात मावशी गेली. आईच्या माघारी तिनेच दोघांना वाढवलं होतं. नातेवाइकांत निरोप फिरवून थोरला दिवसभर दारात उभा राहिला. धाकटा आला नाही. ज्याचा पत्ता नाही त्याला निरोप पोचणार कसा, हे रागाला कोण सांगणार? मावशीसाठी आला नाही तो माझ्यासाठी काय येणार, असं त्याने मनात धरलं आणि तसाच तो लॉटरीच्या खिडकीशी आला होता.

"सांगा," लॉटरीवाला म्हणाला.

तीन आकडे भराभर सुचले. पुढचे सुचेनात. सहाच्या सहा आकडे त्याने एकट्याने कधी निवडलेच नव्हते. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा तो म्हणाला, राहिलेले यंत्रालाच निवडू दे.

संध्याकाळी सोडत निघाली. जुने सहाच्या सहा आकडे लागले.

बायको मटकन खाली बसली. "दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. थोरल्याने चपला घातल्या आणि तडक लॉटरीवाल्याचं दुकान गाठलं.

लॉटरीवाला त्याची समजूत घालायच्या तयारीतच होता. पण याने एकच विचारलं, बक्षीस किती जणांना लागलं? एकालाच, लॉटरीवाला म्हणाला. लांब कुठल्याशा गावात तिकीट काढलंय.

वेतवाला हसायला लागला. हसता हसता त्याने खिडकीचा गज धरला.

"आहे," तो म्हणाला. "अजून आहे, आणि अजून लावतोय."

माणसाला धक्का बसलाय असं समजून लॉटरीवाल्याने त्याला पाणी दिलं.

पैशाचं वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलंच. ज्याने इतकी वर्षं सोडलं नाही, त्याला आपण एका दिवसाच्या रागात सोडलं, याचं त्याहून जास्त वाटलं. घरी बायकोने डोळे पुसले आणि पिशवीत त्याचे कपडे भरले. भेटल्यावर काय बोलायचं हे त्याने पुन्हा पुन्हा घोकलं. मी चुकलो, हे आधी. बाकी सगळं नंतर.

सकाळी गाडीला जाताना गावाचं नाव नीट विचारून घ्यावं म्हणून तो पिशवी घेऊन लॉटरीच्या दुकानात शिरला. आत टीव्हीसमोर माणसं जमली होती.

"या वेतवाले," लॉटरीवाला म्हणाला. "तुमच्या आकड्यांवर मालामाल झालेला माणूस दाखवताहेत."

धाकटाच होता. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते. बोलायच्या आधी मान खाजवायची खोड तीच होती. थोरल्याचे डोळे भरून आले. माणसांना बाजूला सारत तो टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

एवढी मोठी रक्कम लागली आणि चेहऱ्यावर आनंद कसा नाही, असं बातमीदार बाई विचारत होती.

"यातले तीन आकडे माझ्या दादाचे," धाकटा म्हणाला. "त्याला शोधायला गेलो होतो, तर तिथे इमारतच नव्हती. म्हटलं, लागली तर लॉटरी दोघांना लागेल, तेव्हा भेटू. रात्रीच लॉटरीच्या ऑफिसात फोन करून चार-चारदा विचारलं, दुसरा विजेता कोण? दुसरा नाहीच, म्हणाले."

त्याने हाताने तोंड पुसलं.

"दादा गेला हो माझा. जिवंत असता तर त्याने हे आकडे सोडले नसते."