एक डबा कमी

“कारखान्यात बनवलेल्या डब्याला आम्ही घर का म्हणायचं, तेवढं सांगा,” स्वाती धुरी म्हणाली.

शांती नगरमधल्या स्नेहदीप सोसायटीच्या आवारात सभा भरली होती. चार मजली इमारत पाडून तिथे उंच टॉवर व्हायचा होता. खोल्या कारखान्यातून तयार होऊन ट्रेलरवर येणार आणि क्रेनने एकावर एक बसणार. काम लवकर उरकतं, सिमेंट-पाणी कमी लागतं, घर स्वस्तात पडतं. आर्किटेक्ट निकेत राऊतने हे सगळं पडद्यावर दाखवलं होतं. सभा नाही म्हणाली तर बिल्डर माघार घेणार होता, आणि जुन्या इमारतीच्या छताचे पोपडे तर जेवणाच्या ताटात पडायला लागले होते.

“तुम्ही आत बसून बघा,” निकेत म्हणाला.

त्याने नमुन्याची एक खोली आवारात आणून ठेवली. स्वाती मे महिन्याच्या भर दुपारी दार लावून आत बसली. बाहेर आली तेव्हा पदराने मान पुसत होती.

“आता तुम्ही बसा, साहेब.”

निकेत बसला. दुसऱ्याच दिवशी त्याने खिडक्यांच्या जागा बदलायला घेतल्या, समोरासमोर, वारा आरपार जाईल अशा.

मग ते चालूच राहिलं. शेजारचा मिक्सर भिंतीतून ऐकू येतो, म्हणून दोन खोल्यांमधली पोकळी भरून घेतली. पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जे आले.

“मेंटेनन्स किती येईल?” हे ती प्रत्येक वेळी विचारायची. “गिरिजाकाकू पेन्शनवर राहतात. टॉवर मिळाला आणि तो परवडेना, तर त्या घर विकून जातील. मग कोणासाठी बांधताय?”

निकेतने लिफ्ट आणि पंप सोलरवर घेतले. अंघोळीचं पाणी शुद्ध होऊन फ्लशला जाईल अशी सोय केली. सेक्रेटरी मितेश मेहता हसून म्हणाला, “साहेब, स्वातीताई बोलल्या म्हणजे सगळी बिल्डिंग बोलली. बाकीचे तर मीटिंगला चहापुरते येतात.”

एकदा ती कितीतरी वेळ नकाशा बघत राहिली.

“आम्ही जिन्यात भेटायचो,” ती म्हणाली. “कोणाची भाजी निवडून व्हायची, कोणाचं रडून. लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडे बघत उभी राहतात.”

ऑफिसात जाऊन निकेत टॉवरचं मॉडेल घेऊन बसला. मग त्याने दर तिसऱ्या मजल्यावरचा एक डबा उचलून बाजूला ठेवला. तिथे उघडी ओसरी झाली. बसायला बाक, कुंड्या, आणि खाडीकडून येणारा वारा.

“एक डबा कमी म्हणजे एक घर कमी,” बिल्डर म्हणाला. निकेत त्याच्याशी महिनाभर भांडला, पण ओसरी सोडली नाही. इतकी वर्षं घरांचे नकाशे काढत आलो, पण घर बघायला ही बाई शिकवतेय, असं त्याने बायकोला सांगितलं.

मतदानाच्या सभेत हात वर झाले. सगळ्यांचे. स्वाती मागे चहाच्या किटलीपाशी उभी होती. तिचा हात खालीच होता. निकेतला ते लागलं.

“अजून काही राहिलं का?” सभा संपल्यावर त्याने विचारलं.

“नाही. छान झालंय,” ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

इमारत रिकामी झाली. बाकीचे पूनम सागर, नया नगर असे जवळपासच पांगले. स्वाती नालासोपाऱ्याला गेली, तरी काम बघायला तिथून यायची. डोक्यावर हेल्मेट घालून, मान वर करून डबे चढताना बघत राहायची. एकदा ओसरीचा कठडा बुटका झाला, तर तिने तो बदलायला लावला. “पोरं वाकतात,” एवढंच म्हणाली.

ताब्याच्या दिवशी आवारात मांडव होता. मितेशपुढे टेबलावर चाव्या होत्या. निकेतने माईक हातात घेतला.

“हा टॉवर माझ्या नावाने ओळखला जाईल. पण इथे जे चांगलं आहे, त्यातलं निम्मं एका बाईने माझ्याकडून करून घेतलंय. पहिली चावी स्वातीताईंना.”

टाळ्या झाल्या, आणि लगेच थांबल्या. निकेतने मितेशपुढे हात केला. मितेशने मान खाली घातली. निकेतने गोंधळून जवळची एक चावी उचलली आणि स्वातीपुढे धरली.

स्वाती पुढे आली. तिने चावीवरचा नंबर वाचला आणि ती त्याच्या तळहातावर परत ठेवून त्याची मूठ मिटवली.

“ही गिरिजाकाकूंची आहे, साहेब. आम्ही इथे भाड्याने राहायचो.”