लाल पेटीतले फोटो

"आधी कचरा काढू, काका. फोटो मग," असं म्हणत निरंजनने खुर्ची पुढे ओढली.

अर्जुनरावांना एकच फोटो हवा होता. दिव्याचा. गुरुवारी मुलीचं वर्षश्राद्ध होतं आणि फ्रेमवाला आज बारापर्यंतच दुकानात थांबणार होता. पण रावेतच्या त्या सोसायटीत निरंजनला कॉम्प्युटरसमोर बसवायचं म्हणजे आधी त्याची मतं ऐकून घ्यायची, असा रिवाज होता. आठवडाभर तो चाकणच्या एका कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि रविवारी शेजाऱ्यांचे. हे दुसरं काम तो फुकट करायचा, त्यामुळे त्याला अडवायची सोय नव्हती.

"अँटिव्हायरस विकत घेणारा माणूस मला दाखवा, मी त्याला काहीही विकून दाखवतो," तो म्हणाला. माउस चालूच होता. "घरात प्रिंटर ठेवू नये. आणि फोनमध्ये फोटो साठवू नयेत, फोन दमतो. दिव्याचा फोन मीच मोकळा करून दिला होता ना? सगळे फोटो इथे उतरवले, मग कसा पळायला लागला!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तो फोन दिव्याबरोबरच अपघातात गेला होता.

"आधार कार्डावरचा लावू म्हटलं," अर्जुनराव म्हणाले, "तर ही म्हणते, त्यात ती आपली वाटतच नाही. रांगेत उभी केल्यासारखी वाटते."

स्वयंपाकघरात मंजुळाबाईंची भांडी वाजत होती.

"झालं. अकरा जीबी मोकळी. बघा आता कसा सुसाट चालतो. कुठल्या फोल्डरमध्ये आहेत फोटो?"

"फोल्डरमध्ये नाहीत. त्या पेटीत आहेत."

"कुठल्या पेटीत?"

अर्जुनरावांनी चष्मा लावला, वाकले आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्या."

निरंजनचा हात माउसवरून निघाला.

"काका, तो कचऱ्याचा डबा आहे."

"माहीत आहे की. आमच्या लाल पेटीसारखाच." अर्जुनरावांनी भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मालाच्या तपासणीत, क्वालिटी खात्यात काढली होती. "ज्या मालाचं काय करायचं ते ठरत नाही, तो लाल पेटीत. लाइनवर दिसायचा नाही, पण भंगारातही जायचा नाही. पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. माझी सही झाल्याशिवाय साहेबालाही हात लावता यायचा नाही. ही रोज सकाळी फोटो उघडून बसायची, जेवायची नाही. म्हणून तिच्या नजरेआड केले. होल्डवर ठेवले. तूच म्हणाला होतास, तिथून काही जात नाही, कधीही परत घेता येतं."

म्हणाला होता. कचरा काढताना आत काय आहे ते बघत बसू नये, हेही त्याचंच मत होतं.

पुढचा पाऊण तास निरंजन खुर्चीतून उठला नाही. पुसलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर त्याने लावलं. पडद्यावर एकेक नाव वर येऊ लागलं तसे अर्जुनराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. निरंजनने पहिल्या नावावर क्लिक केलं. काही उघडलं नाही. दुसऱ्यावर केलं. चाळिसाव्यापर्यंत करत राहिला.

"नुसती नावं राहिलीत," तो शेवटी म्हणाला. "जुनी डिस्क असती तर फोटोही निघाले असते, काका. ही नवीन आहे. ही पुसलं की खरंच पुसते."

नवीन डिस्क कुणाच्या आग्रहाने बसवली, ते त्याने सांगितलं नाही आणि अर्जुनरावांनी विचारलं नाही.

मंजुळाबाई चहा घेऊन आल्या. "सापडला का? तो निळ्या ड्रेसमधला काढ रे. हसताना दात दिसतात तो."

निरंजनने तोंड उघडलं. अर्जुनरावांनी त्याचा खांदा दाबला.

"फोटो नाहीत," ते म्हणाले. "माझ्या हातून पुसले गेले. मागेच."

मंजुळाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. कपांचे कान एका बाजूला वळवले.

"जपून ठेवलेत म्हणालात, तेव्हाच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते घरात नकोच होते."

त्या आत गेल्या. नळ जोरात सुटला.

"काका, मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे."

"बस खाली. पेटीची किल्ली माझ्याकडे होती." अर्जुनरावांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. "नावं राहिलीत म्हणालास ना? वाच. मोठ्याने वाच."

निरंजन वाचू लागला. नावं दिव्यानेच दिलेली होती.

"आई पोळ्या लाटताना. पप्पा सेकंड शिफ्ट करून आलेत, उठवू नका. पहिला पगार, पहिली मिसळ. मी आणि माझी स्कूटी."

आतला नळ बंद झाला.

"स्कूटी तिची नव्हती," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तिच्या मैत्रिणीची होती, निशिगंधाची. पुढचं वाच."